डाव्या इंडिकेटरची खोड

राहुरीच्या अलीकडे उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवला होता. मी गाडी डाव्या बाजूला घेऊन थांबले, तेवढ्यात एक स्कूटरवाला शेजारी आला आणि त्याने माझ्या काचेवर टकटक केली. काच खाली केली तर म्हणतो, "मॅडम, तुम्हाला जायचंय तरी कुठं? डावा लावलाय, उजवा लावलाय, का पार्किंग लावलंय? मागून सगळंच लुकलुकतंय. एक काय ते ठरवा की!"

आता मी डावाच इंडिकेटर दिला होता. अगदी नियमाप्रमाणे दिला होता. माझ्या पुढच्या ट्रॉलीला मागे दिवा नव्हता, रिफ्लेक्टर नव्हता, साधं लाल फडकंसुद्धा नव्हतं, पण त्या ट्रॉलीवाल्याला कोणी काही विचारत नव्हतं. विचारायचं ते मला! मी म्हटलं, "तुम्ही आधी हेल्मेट घाला." तो हसत निघून गेला. मी मात्र खाली उतरून मागे जाऊन पाहिलं, तर गृहस्थ खरं बोलत होता. डावा इंडिकेटर उघडझाप करत होता ते ठीक, पण त्याच्या तालावर मागचे लाल दिवेही मंद पेटत होते आणि विझत होते. गणपतीच्या मखराला शोभलं असतं. माझ्या गाडीला अजिबात शोभत नव्हतं.

गाडी आमची छोटी, पांढरी आणि पंधरा वर्षांची. घेतली नवऱ्याने, पण आता ती माझी आहे. नवरा नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मेंटेनन्स सुपरवायझर आहे. त्याला कंपनीची बस नेते आणि आणून सोडते. मी भिंगारच्या शाळेत विज्ञान शिकवते आणि शाळा घरापासून चालत जाण्याएवढी जवळ आहे. म्हणजे गाडीचा खरा उपयोग एकच, रविवारी पुणतांब्याला आईकडे जाणं. आई तिथे शेतातल्या घरात एकटी राहते. भिंगारला चल म्हटलं तर म्हणते, "तिथं काय करू? तुझ्या बाल्कनीतल्या कुंड्या खुरपू व्हय?"

मी गाडी शिकले वडील गेले त्या वर्षी. त्याआधी माहेरी जायचं म्हटलं की नवरा म्हणायचा, "मी नेईन ना." हे तीन शब्द फार घातक असतात. तो वाईट माणूस नाही, मनापासून म्हणायचा, पण मग शिफ्ट बदलायची, नाहीतर कारखान्यात काहीतरी बंद पडायचं, नाहीतर रविवारी त्याला झोप यायची. वर्षाकाठी चार फेऱ्या झाल्या तर पुष्कळ. वडिलांच्या शेवटच्या आजारपणात मी किती वेळा पोचू शकले ते एका हाताच्या बोटांवर मोजता येतं. म्हणून मी पन्नाशीला टेकलेली असताना ड्रायव्हिंग शिकले आणि तेव्हापासून माझा रविवार कोणाच्या बापाला विचारून ठरत नाही.

पण त्या रविवारपासून अडचण झाली. थंडीचे दिवस, सहाला अंधार. अंधारात उसाच्या ट्रॉल्यांमधून असे वेडेपिसे दिवे घेऊन यायची माझी छाती नव्हती, म्हणून मी आईकडून चारलाच निघू लागले. आणि आईचं खरं जेवण संध्याकाळचं. दुपारी ती उभ्या उभ्या काहीतरी तोंडात टाकते. संध्याकाळी मात्र चूल पेटवून बसते, भाकरी थापते आणि बोलते. आठवडाभराचं सगळं बोलणं ती त्या तव्यासमोर बोलते. मी चारला किल्ली हातात घेतली की ती म्हणायची, "आलीस का, की निघालीस." बस, एवढंच. रागावून म्हणाली असती तर मला भांडता आलं असतं.

त्यात पंधरा वर्षांच्या गाडीला आरटीओत नेऊन तपासून घ्यावं लागतं. पास झाली तर पुढे चालवायची, नाहीतर भंगारात. दिव्यांचा हा तमाशा ऐकल्यावर नवऱ्याच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी ओळखलं. हा माणूस सहा महिने मोबाईलवर विजेच्या गाड्यांचे व्हिडिओ बघत होता.

"पास झाली तर तुझी," तो म्हणाला. "नाही झाली तर भंगारात. मग नवीन घेऊ, पुढच्या दिवाळीनंतर बघू. तोपर्यंत पुणतांब्याला मी नेईन ना!"

"दिवे नीट करा आधी," मी म्हटलं.

"करतोच. माझ्या हाताखाली क्रेन चालतात, तुझा इंडिकेटर काय चीज आहे?"

मी म्हटलं वायरमनला दाखवू या. झालं! जणू मी त्याच्या नोकरीवरच बोट ठेवलं. मेंटेनन्स सुपरवायझरची गाडी बाहेरच्या वायरमनकडे गेली आणि ते कंपनीच्या बसमध्ये कळलं, तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही म्हणे. "इलेक्ट्रिकलमध्ये घाई चालत नाही," तो म्हणाला. "आधी रूट कॉज शोधायचं. ते सापडल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही." आणि एवढं बोलून त्याने स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि दिसेल त्याला हात लावायला सुरुवात केली.

दिवे तपासायला दोन माणसं लागतात, एक आत बसून बटणं दाबायला आणि एक बाहेर उभं राहून बघायला. आमच्याकडे तिसरं आपोआप आलं. शेजारी एक निवृत्त सुभेदारसाहेब राहतात. आम्ही बॉनेट उघडलं की त्यांना बिगुल ऐकू येतो. त्यांना वायरिंगमधलं काही कळत नाही आणि ते तसं मोकळेपणाने सांगतात, पण शिस्त नावाची गोष्ट त्यांना कळते. त्यांनी आमची गाडी आधी कंपाउंडच्या पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून लावायला लावली, म्हणजे उजेड भिंतीवर पडलेला दिसेल. मग स्वतः मागे जाऊन, हात पाठीशी बांधून उभे राहिले.

"वहिनी, डावा!"

मी डावा लावला.

"डावा हाजिर! लाल डावा, बिनबोलावता हाजिर! लाल उजवा, तोपण बिनबोलावता हाजिर! विश्राम!"

"विश्राम म्हणजे बंद करू का?" मी आतून ओरडले.

"विश्राम म्हणजे विश्राम, वहिनी!"

पहिल्या दिवशी नवऱ्याने बल्ब बदलला. नवा बल्ब जुन्यापेक्षा जोरात लुकलुकू लागला आणि मागचे लाल दिवेही त्याच्यासोबत. दुसऱ्या दिवशी तो स्टिअरिंगखाली डोकं घालून फ्यूज काढत बसला. पाय बाहेर, डोकं आत, आणि आतून आवाज, "आता बघ!" सुभेदारसाहेबांनी हजेरी घेतली. परिस्थिती तीच, फक्त आता रेडिओ बंद पडला होता. तो मात्र पुन्हा सुरू झाला, कारण मी जरा आवाज चढवला.

दरम्यान आमच्या भिंतीसमोर येणारे-जाणारे थांबू लागले. आपल्याकडे बॉनेट उघडं दिसलं की माणूस घाईत असला तरी थांबतो, आणि थांबला की सल्ला देतोच. एकाने बॅटरी बदला म्हणून सांगितलं. एक बाई भाजीची पिशवी घेऊन थांबल्या आणि म्हणाल्या, "आमच्या ह्यांची गाडी असंच करायची, आम्ही विकून टाकली." नवऱ्याने माझ्याकडे फार अर्थपूर्ण नजरेने पाहिलं. मी त्या बाईंना भाजीचा भाव विचारून वाटेला लावलं.

मला राग येत होता तो स्वतःचाच. मी दरवर्षी आठवीला विद्युत परिपथ शिकवते! घट, दिवा, वायर. वीज दिव्यापर्यंत गेली म्हणून दिवा लागत नाही, तिला परत यायला वाट लागते, हे मी फळ्यावर बाण काढून पोरांच्या डोक्यात इतकी वर्षं भरते आहे. पण फळ्यावर एक घट असतो आणि एक दिवा असतो. गाडीचं बॉनेट उघडलं की आत वायरींचं जंगल, तिथे माझे बाण कुठे काढू?

शनिवारी नवऱ्याने तिसरा प्रयोग केला. इंडिकेटरला टिकटिक करायला लावणारी एक डबी असते, तिला फ्लॅशर म्हणतात. ती त्याने नवी आणून बसवली आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. सुभेदारसाहेब गरजले, "डावा हाजिर!" मग हळूच, दुःखी आवाजात, "लालपण हाजिर."

"सेट व्हायला वेळ लागतो," नवरा म्हणाला. "उद्या बघ तू."

आरटीओची तारीख येत्या आठवड्यातली. मी रात्री झोपले नाही असं म्हणणार नाही, मला झोप लागते, पण झोपायच्या आधी बराच वेळ कूस बदलत होते. गाडीचं मला काही नाही. पत्रा आहे, आज ना उद्या भंगारात जायचाच. पण मग पुन्हा त्या "मी नेईन ना"वर जगायचं. आणि आई वाट बघणार, मोबाईल कानाला लावून विचारणार, "येतीस का या रविवारी?" आणि मी सांगणार, शिफ्ट आहे गं.

दुसऱ्या दिवशी रविवार. दिवसाउजेडी निघाले, पोचले. आई दारातच होती. मी आत जाऊन पाणी प्यायले, पिशवीतलं सामान ओट्यावर काढून ठेवलं आणि बाहेर आले, तर आई गाडीपुढे उकिडवी बसलेली. एका हातात पाना, विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीतला. दुसऱ्या हातात लिंबू-मिरची.

ही लिंबू-मिरची मला ठाऊक होती. मी गाडी चालवायला लागल्यापासून आई दर रविवारी नवी बांधते. मी विज्ञानाची शिक्षिका असल्यामुळे माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही, आणि मी तिची मुलगी असल्यामुळे मी काही बोलत नाही. ती कुठे बांधते, कशी बांधते, हे बघायचं मला कधी सुचलंच नव्हतं. बंपरच्या जाळीतून खाली लोंबकळताना दिसायची, तेवढं पुरे होतं. पण पाना कशाला?

"आई, हे काय करतेस?"

"बांधतीय. दिसत न्हाई व्हय?"

"पाना कशाला लागतो?"

"आगं, दोऱ्यानं बांधली की तुटती. एकदा तू गेलीस आन् इथंच फाटकापाशी पडलेली घावली मला. तवापासून मी तारेनं बांधती. डाळिंबाच्या फांद्या बांधायची तार हाय, लई चिवट. आत हितं बोल्ट हाय बघ एक, त्यो जरा सैल करायचा, तार त्याच्याखाली घालायची, आन् परत आवळायचा. माझ्या हातानं आवळंल तेवढा आवळती."

मी तिच्याशेजारी जमिनीवर बसले. जाळीच्या आत, डाव्या हेडलाइटच्या खाली, तो बोल्ट होता. आणि त्या बोल्टखाली तारेच्या वेढ्यांमध्ये दडपून बसलेल्या होत्या तीन काळ्या वायरी. वेढे जुने, नवे, गंजलेले, एकावर एक. दर आठवड्याचं लिंबू बरोबर त्याच्यावर टेकून ठिबकलेलं. वायरींच्या टोकांवर हिरवट-पांढरी बुरशी धरल्यासारखा थर होता आणि बोल्ट हाताने हलत होता.

फळ्यावरचे माझे सगळे बाण एकदम जागेवर आले. गाडीत वीज परत जाते ती पत्र्यातून. दिव्याची काळी वायर पत्र्याला बोल्टने घट्ट आवळलेली असते, तिला अर्थिंग म्हणतात. ती सैल झाली, सडली, की दिव्याची वीज परतीसाठी शेजारच्या पार्किंगच्या दिव्यातून वाट काढते, त्याची वायर थेट मागच्या लाल दिव्यांपर्यंत जाते, आणि मग ज्याला कोणी बोलावलं नाही तोही मिणमिणायला लागतो. नवऱ्याने बल्ब बदलला, फ्यूज बदलले, फ्लॅशर बदलला. हेडलाइटच्या खाली वाकून मात्र कोणी बघितलं नाही. मीही नाही. आणि लिंबाचं काय सांगू! शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात लिंबात तांबं आणि जस्त खुपसून दिवा पेटवून दाखवते ती मीच.

मला हसू फुटलं. जमिनीवर बसून मी अशी हसायला लागले की आई घाबरली. "आगं काय झालं? डोक्यावर पडलीस का काय?"

मी तिला सांगितलं. सांगायला नको होतं का, असा विचार नंतर आला, पण माझ्या तोंडाला कुलूप कधी नव्हतंच. ती ऐकत होती आणि तिच्या कपाळावर आठ्या वाढत होत्या.

"लिंबानं गाडी बिघडती व्हय?" ती म्हणाली. "लिंबानं तर भांडी उजळत्यात."

"भांडी आपण घासतो आणि धुतो, आई. हे तिथेच राहतं, आठवडाभर."

"मंग धुवायचं हुतं तुमी! एवढी मोटार हाय, धुता न्हाई येत?"

तिने पाना मांडीवर ठेवला. मग तिचा आवाज एकदम लहान झाला. "म्हंजी तुझं दिवं मीच घालवलं. अंधारात तुला कुनी ठोकलं असतं तर गं?"

असं तिने म्हटल्यावर माझं हसू जागच्या जागी थांबलं. माझी आई मला वाटेत काही होऊ नये म्हणून दर रविवारी, त्या वयात, गुडघे धरून खाली बसते आणि पान्याने बोल्ट सोडवते. आणि त्यानेच दिवे जातात. मला तिचा इतका कळवळा आला की मी तिच्यावर खेकसलेच. "काही झालं नाही ना? मग! ऊठ, काचकागद आण. आणि खायचा सोडा."

"भज्याचा सोडा गाडीला?"

"आण म्हटलं ना."

तिने आणला. मी तारेचे सगळे वेढे पकडीने काढले, सोडा पाण्यात कालवून तो आंबट थर धुतला, पुसला, वायरींची टोकं आणि खालचा पत्रा काचकागदाने चकाकेपर्यंत घासला. आई शेजारी बसून सूचना करत होती, भांडी घासताना करते तशाच. "कोपऱ्यात ऱ्हायलंय बघ. तिथं न्हाई, तिथं." मग बोल्ट मी सगळा जीव एकवटून आवळला.

"आता मागे उभी राहा," मी तिला म्हटलं, "आणि काय दिसतं ते सांग." मी आत बसून डावा इंडिकेटर लावला.

"पिवळा उड्या मारतोय," आई मागून म्हणाली.

"आणि लाल?"

"लाल गप हाय."

मग मी पार्किंग लावलं. "आता?"

"लाल पेटलाय. निवांत हाय. पिवळा एकटाच उड्या मारतोय अजून."

सुभेदारसाहेबांच्या हजेरीत जे ऐकायला मिळालं नव्हतं, ते शेवटी ऐकायला मिळालं. मी बाहेर येऊन आईला मिठीच मारली. ती म्हणाली, "सोड, हाताला ग्रीस हाय तुझ्या." मग ती लिंबू-मिरची उचलून पदराखाली लपवायला लागली, आता बांधणार नाही म्हणाली. ते मला बघवेना. मी तिच्या हातातून ती घेतली आणि गाडी ओढायला खाली एक लोखंडी कडी असते तिला बांधली, वायरींपासून लांब. विज्ञानाच्या शिक्षिकेने बांधली! कोणाला सांगू नका.

"आन् जावयाला सांगू नगंस," ती म्हणाली.

"नाही सांगत."

हे वचन मी दिलं खरं, पण मला गप्प बसणं किती जड जातं हे माझ्या वर्गाला विचारा. त्या रविवारी मी पुन्हा चारलाच निघाले, कारण दुरुस्ती खरी टिकते का हे आधी उजेडात बघायचं होतं. घरी आल्यावर सुभेदारसाहेबांनी हजेरी घेतली. डावा हाजिर, लाल दिवे बराकीत. त्यांनी टाळीच वाजवली.

आणि माझा नवरा! तो दोन पावलं मागे सरकला, मान तिरकी केली आणि म्हणाला, "बघितलंस? सेट व्हायला वेळ लागतो म्हटलं नव्हतं?"

मी गाडीची किल्ली पर्समध्ये टाकली.

"फ्लॅशरच होता. मला पहिल्या दिवसापासून संशय होता."

"हो का?" मी म्हटलं. एवढं तरी म्हणू द्या मला. पुढचे दोन दिवस त्याने ही फ्लॅशरची कथा कंपनीच्या बसमध्ये सांगितली, कँटीनमध्ये सांगितली, फोनवर नणंदेला सांगितली. प्रत्येक वेळी कथेतला फ्लॅशर जास्त बिकट होत गेला आणि तो जास्त हुशार. मी पोळ्या लाटत ऐकत होते. पोळ्या फार पातळ झाल्या त्या दिवसांत.

मजा अशी की आता गाडी पास व्हावी असं त्यालाच वाटू लागलं. त्याने दुरुस्त केलेली गाडी नापास कशी होईल? रजा टाकून माझ्याबरोबर आरटीओच्या मैदानावर आला. तिथले इन्स्पेक्टर तरुण होते, नम्र होते, आणि त्यांच्यापुढे गाड्यांची रांग होती. मी आत बसले, हात स्टिअरिंगवर.

"हेडलाइट, मॅडम. डीपर. डावा. उजवा. ब्रेक. रिव्हर्स."

सगळं लागलं. नवरा प्रत्येक दिव्याला मान डोलावत होता, जणू बक्षीस समारंभ चालला आहे. मग इन्स्पेक्टर मागे गेले, खाली वाकले, हाताचा आडोसा केला आणि म्हणाले, "नंबर प्लेटवरचा दिवा नाही लागत."

नंबर प्लेटवरचा दिवा! एवढ्या उठाठेवीत त्याची हजेरी घ्यायचं आमच्या सुभेदारसाहेबांनाही सुचलं नव्हतं. नवऱ्याचा चेहरा पडला. "रूट कॉज," तो पुटपुटला आणि खिशात स्क्रू ड्रायव्हर चाचपू लागला. माझ्या डोळ्यांसमोर विजेच्या गाड्या नाचू लागल्या. मी दार उघडून तरातरा मागे गेले आणि त्या दिव्याच्या डबीवर मूठ आपटली. वर्गात गडबड झाली की टेबलावर आपटते, तशीच. दिवा लागला.

इन्स्पेक्टर दचकले. "सैल असेल, बसवून घ्या तेवढा," ते म्हणाले, आणि पुढे चॅसी नंबर बघायला वळले.

पास झाली. मला कागद हातात मिळेपर्यंत खरं वाटेना. नवरा म्हणाला, "अभिनंदन कोणाचं करायचं, तुझं का माझं?" मी म्हटलं, तुमचंच. त्याला फार बरं वाटलं. आणि खरं सांगते, त्याचा उजळलेला चेहरा बघून मलाही बरं वाटलं. बिचाऱ्याने तीन दिवस स्टिअरिंगखाली डोकं घातलं होतं.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम उशिरा निघाले. पोचायलाच तीन वाजले. चार वाजले तशी आई माझ्या हाताकडे बघू लागली, किल्ली कधी उचलते म्हणून. मी उचलली नाही. पाच वाजले. मी गोठ्यापाशी चक्कर मारून आले. सहाला बाहेर अंधार पडला आणि आईने काही न विचारता चूल पेटवली. पीठ काढलं, पाणी घातलं आणि मळायला बसली. मी पाट ओढून तिच्यासमोर बसले.

तिने आठवडाभराचं सगळं सांगितलं. कोणाच्या शेळीला काय झालं, कालव्याला पाणी कधी सुटणार, शेजारच्या सुनेने काय उलट उत्तर दिलं. पहिली भाकरी फुगली. मग तिने विचारलं, "आन् गाडीचं काय म्हनाले ते?"

"पास झाली की! आता पुढची पाच वर्षं बघायला नको."

"पाच वर्सं?" तिने भाकरी उलटली. "लई झाली. मला पुरंल तेवढी."

मीठ पुरेल का, असं विचारावं, तितक्या सहज म्हणाली ती. दुसरा गोळा हातात घेतला आणि थापायलाही लागली.

मला इतका राग आला की काय सांगू. "असलं बोलायचं असेल तर मी आत्ताच्या आत्ता निघते," मी म्हटलं. आवाज चढला होता आणि चढता चढता फाटला होता.

"निघ की," आई म्हणाली. तिच्या ओठांवर हसू होतं. "आता कुठं तुला अंधाराची भीती हाय?"

मी निघाले नाही. ताटात पिठलं होतं, भाकरी होती, ठेचा होता. मी जेवले, पोट भरलं. पुढे शंभरेक किलोमीटरभर उसाच्या ट्रॉल्या होत्या आणि सकाळी शाळा होती. आईने पिठाचे हात झटकले आणि तवा उतरवायला पुढे वाकली. मी म्हटलं, "अजून एक टाक." भूक नव्हती. पण एक भाकरी थापून, भाजून होईपर्यंत तिला बराच वेळ लागतो.